प्राध्यापकाला शिकवायला कोण शिकवतं? महाविद्यालयीन अध्यापक-प्रशिक्षणाची गोष्ट

(भंडारा येथे महाविद्यालयीन प्राध्यापकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय तुमच्या रोजच्या कामाचा आहे. मी मात्र तो इतिहासाच्या अंगानं मांडणार आहे. प्रशिक्षण म्हटलं की आपल्याला परिपत्रक आठवतं, प्रमाणपत्र आठवतं, प्लेसमेंटची फाइल आठवते. या गोष्टी आल्या कुठून, हे एकदा नीट पाहू या. मग आज काय करता येईल ते बोलायला सोपं जाईल.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करतो. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत एकाच इमारतीत दोन महाविद्यालयं नांदतात. महाराष्ट्रानं १०+२+३ हा आकृतिबंध स्वीकारला आणि १९७५ पासून अकरावी-बारावीचं कनिष्ठ महाविद्यालय सुरू झालं. पुष्कळ ठिकाणी ते वरिष्ठ महाविद्यालयालाच जोडलेलं असतं. बारावीला इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकाकडं एम.ए. हवंच, शिवाय बी.एड.ही हवं. त्यानं सराव पाठ दिलेले असतात, पाठ टाचणं काढलेली असतात, मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसलेल्या माणसासमोर घाम फुटलेला असतो. त्याच व्हरांड्यात चार खोल्या पुढं बी.ए. भाग एकचा वर्ग भरतो. मुलं तीच, तीन महिन्यांपूर्वी बारावी झालेली. पण त्यांना शिकवणाऱ्या प्राध्यापकाला एकही सराव पाठ द्यावा लागलेला नसतो. शिकवायला शिकण्याची अट बारावीपर्यंत आहे. तेराव्या वर्षी ती अट गायब होते.

असं का झालं? याचं उत्तर शोधायला दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागं जावं लागतं.

शाळामास्तर आणि प्रोफेसर

शाळेच्या शिक्षकाला प्रशिक्षण हवं, हा विचार आपल्याकडं तसा लवकर आला. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं, हे आपल्याला माहीत आहे. १८५४ चा वुडचा खलिता निघाला, त्यातही शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कुलांवर भर होता. पुढं ट्रेनिंग कॉलेजं निघाली, तिथून ‘ट्रेण्ड मास्तर’ बाहेर पडू लागले.

मग १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली. नमुना होता त्या वेळच्या लंडन विद्यापीठाचा. म्हणजे काय, तर विद्यापीठानं शिकवायचं नाही. विद्यापीठानं अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. शिकवणं हे कॉलेजचं काम. आता ज्या विद्यापीठाचं मुख्य काम परीक्षा घेणं हेच आहे, त्याला शिकवण्याच्या पद्धतीशी काय देणंघेणं असणार? त्यानं प्राध्यापकाकडं एकच गोष्ट मागितली, पदवी. ज्याला विषय येतो त्याला तो शिकवता येतोच, हे गृहीत धरलं गेलं. ते कुणी कागदावर लिहून ठेवलं नाही, म्हणून कुणी खोडलंही नाही.

या गृहीतकाला चांगले अपवाद होते. पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज बघा. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या मंडळींनी १८८५ मध्ये ते काढलं, पण त्याआधी, १८८० पासून, न्यू इंग्लिश स्कूल चाललं होतं. गोपाळ कृष्ण गोखले आधी त्या शाळेत शिक्षक होते, मग कॉलेजात प्राध्यापक झाले. शाळेचा वर्ग सांभाळलेला माणूस कॉलेजच्या वर्गात आला, की त्याला पोरांचा चेहरा वाचता येतो. तिथं शाळा हेच प्राध्यापकाचं प्रशिक्षण होतं. पण ही त्या संस्थेची जडणघडण होती. त्याचा नियम कधी झाला नाही.

आपल्या बाजूला या. नागपुरात १८८३ साली हिस्लॉप कॉलेज आणि १८८५ साली मॉरिस कॉलेज निघालं. ही कॉलेजं आधी कलकत्ता विद्यापीठाला जोडलेली, मग अलाहाबादला. नागपुरात बसून शिकायचं, पेपर काढणार कलकत्त्याचा माणूस! १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा ही ओढाताण संपली. भंडाऱ्याच्या मुलाला मात्र पुढंही पुष्कळ वर्षं कॉलेजसाठी नागपूर गाठावं लागायचं. साठ किलोमीटरचं अंतर, पण खोली घेऊन राहण्याची ज्याची ऐपत, तोच शिकणार. म्हणजे त्या काळी कॉलेजात पोचणारा मुलगा आधीच गाळून आलेला असायचा. प्राध्यापकानं कसंही शिकवलं तरी तो तरून जायचा. प्रशिक्षणाची उणीव जाणवली नाही, त्याचं एक कारण हेही आहे.

वर्ग बदलला, फळा तोच राहिला

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. १९५८ मध्ये मनोहरभाई पटेलांनी गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला १९९९ मध्ये. मग जिल्ह्यात कॉलेजं वाढत गेली. धानाच्या शेतावरचा, कोष्ट्याच्या मागावरचा, विडीच्या कारखान्यातल्या मजुराचा मुलगा कॉलेजात आला. मुलगी आली. घरात पहिल्यांदाच कुणीतरी पदवीच्या वर्गात बसलं. ही मोठी गोष्ट होती, आणि आजही आहे.

पण शिकवणारा कोण? काल-परवा एम.ए., एम.एस्सी. झालेला तरुण. जूनमध्ये निकाल, जुलैमध्ये नेमणूक, दुसऱ्या दिवशी ऐंशी मुलांसमोर उभा. त्यानं काय केलं असेल? आपल्या प्राध्यापकांनी जसं शिकवलं तसंच शिकवलं. त्यांनी नोट्स सांगितल्या होत्या, यानंही सांगितल्या. अध्यापनाची पद्धत आपल्याकडं अशी वारशानं आली. वारसा म्हटला की त्यात चांगलंही येतं आणि कर्जही येतं.

हे धोरणकर्त्यांना दिसत नव्हतं असं नाही. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानं उजळणी वर्गांची कल्पना मांडली, पण तिचा रोख मुख्यतः हायस्कूल आणि इंटरमीजिएट कॉलेजच्या शिक्षकांवर होता. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या मदतीनं विज्ञान शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग सुरू झाले. १९७० च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगानं कॉलेजांतलं विज्ञान शिक्षण सुधारण्यासाठी ‘कोसिप’ ही योजना आणली, पुढं मानव्य आणि सामाजिक शास्त्रांसाठी तशीच दुसरी आणली. यातून प्रयोगशाळा सुधारल्या, पुस्तकं आली. पण हे सगळं निवडक कॉलेजांपुरतं.

खरा मुद्द्याचा दस्तऐवज म्हणजे कोठारी आयोगाचा अहवाल, १९६६ चा. उच्च शिक्षणातल्या अध्यापकांच्या तयारीबद्दल त्यात थोडक्यात पण नेमकं लिहिलं आहे. त्यातल्या तीन सूचना लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट या तिन्हींभोवती फिरते. पहिली, नव्या अधिव्याख्यात्याला संस्थेत रुळायला थोडा वेळ द्यावा आणि चांगल्या शिक्षकांच्या तासाला जाऊन बसायला त्याला प्रोत्साहन द्यावं. दुसरी, प्रत्येक विद्यापीठात, आणि जमेल तिथं प्रत्येक कॉलेजात, नव्यांसाठी उद्बोधन वर्ग घ्यावेत. तिसरी, मोठ्या विद्यापीठांत किंवा काही विद्यापीठांनी मिळून यासाठी कायमचं स्टाफ कॉलेज काढावं.

आता गंमत बघा. पहिल्या सूचनेला खर्च शून्य. दुसरीला थोडा. तिसरीला इमारत, संचालक, अनुदान, वसतिगृह, सगळं लागतं. सरकारनं कोणती उचलली? तिसरी. तीही वीस वर्षांनी.

पगाराच्या कागदावर प्रशिक्षण

१९८६ चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि त्याच्या पाठोपाठ विद्यापीठ अनुदान आयोगाची ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेज योजना आली. हा काळ नीट समजून घ्यायला हवा, कारण त्याच वेळी प्राध्यापकांच्या वेतनाचा प्रश्न पेटला होता. मेहरोत्रा समितीनं वेतनश्रेणींबद्दल अहवाल दिला होता. १९८७ मध्ये देशभरातले प्राध्यापक संपावर गेले. या सभागृहात कदाचित त्या संपातले काही ज्येष्ठ असतील.

त्या वेळी जी वेतनरचना ठरली तिच्यात अधिव्याख्यात्याची श्रेणी होती २२०० ते ४०००. त्यावर वरिष्ठ श्रेणी ३००० ते ५०००. आठ वर्षं नोकरी झाली की ही वरिष्ठ श्रेणी मिळण्याचा रस्ता खुला झाला. पण अट काय? साधारण चार-चार आठवड्यांचे दोन उजळणी वर्ग किंवा उन्हाळी वर्ग केलेले हवेत. इथं प्रशिक्षण आणि पगार एकाच कागदावर आले.

या सौद्याला मी नुसती नावं ठेवणार नाही. त्याआधी कॉलेजचा प्राध्यापक अधिव्याख्याता म्हणून लागायचा आणि बहुतेक वेळा अधिव्याख्याता म्हणूनच निवृत्त व्हायचा. त्याला पुढची पायरी मिळाली, हे न्याय्यच होतं. आणि नागपूर विद्यापीठासह ठिकठिकाणी स्टाफ कॉलेजं उभी राहिली, त्यांनी एक मोठं काम केलं. साकोली, तुमसर, पवनी इथला प्राध्यापक पहिल्यांदा तीन-चार आठवडे आपल्या विषयाच्या चाळीस माणसांत राहिला. दुसऱ्या राज्यातला माणूस भेटला, नवं पुस्तक कळलं. जिल्ह्याच्या ठिकाणी विषयाबद्दल बोलायलाच कुणी नसतं. तो एकटेपणा ज्यानं भोगलाय त्याला या वर्गांची किंमत कळेल.

पण सौद्याची एक बाजू अशी असते, की जे मोजलं जातं तेवढंच दिलं जातं. उद्बोधन वर्गाचा आराखडा पाहिला तर कागदावर तो चांगला होता. चार आठवडे, रोज सहा तास, एकूण किमान १४४ तास. त्याचे चार भाग: समाज, पर्यावरण आणि विकास यांचा शिक्षणाशी संबंध, शिक्षणाचं तत्त्वज्ञान, भारतीय शिक्षणव्यवस्था आणि अध्यापनशास्त्र, माहितीची साधनं आणि ज्ञाननिर्मिती, व्यवस्थापन आणि व्यक्तिमत्त्व विकास. अध्यापनशास्त्र कुठं आहे? दुसऱ्या भागात, तेही तत्त्वज्ञान आणि व्यवस्थेबरोबर जागा वाटून घेत. वर्ग संपल्यावर श्रेणी मिळायची, प्रमाणपत्र मिळायचं, ते फाइलला लागायचं. परत आल्यावर वर्गातलं काय बदललं, हा प्रश्न पदोन्नतीच्या कुठल्याच रकान्यात नव्हता.

म्हणून एक विचित्र दृश्य तयार झालं. चार आठवडे प्राध्यापक विद्यार्थ्यांसारखा बाकावर बसला आणि त्याला कुणीतरी व्याख्यान दिलं. विषय काय, तर व्याख्यानापलीकडच्या अध्यापनपद्धती! तुम्ही हसताय, म्हणजे अनुभव सार्वत्रिक दिसतो.

पुढचा भाग भराभर सांगतो. १९८९ मध्ये नेट परीक्षा सुरू झाली, नंतर राज्याची सेट आली. त्यात अध्यापन अभिवृत्तीचे प्रश्न असतात, पण चार पर्यायांतून एक निवडायचे. पोहण्याची परीक्षा कागदावर घेतल्यासारखं आहे ते. १९९४ मध्ये नॅक आलं. २०१० च्या नियमांत एपीआयचे गुण आले. किती तास घेतले, किती पेपर छापले, किती परिषदा केल्या, सगळं मोजलं गेलं. २०१५ मध्ये स्टाफ कॉलेजचं नाव बदलून मनुष्यबळ विकास केंद्र झालं. २०१८ पासून ‘स्वयम्’वर ऑनलाइन उजळणी वर्ग सुरू झाले. २०१९ मध्ये नव्या प्राध्यापकांसाठी ‘गुरुदक्षता’ हा उद्बोधन कार्यक्रम आला. २०२३ मध्ये मालवीय मिशनखाली केंद्रांचं नाव पुन्हा बदललं. कोरोनानंतर घरबसल्या वर्ग करता येऊ लागले. सोय झाली, विशेषतः ज्या प्राध्यापिकांना महिनाभर घर सोडणं अवघड होतं त्यांची. पण कॅमेरा बंद ठेवून किती शिकलं जातं, ते मी सांगायला नको.

आणि हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. आपण ज्या देशाचा नमुना उचलला, त्या ब्रिटनमध्येसुद्धा विद्यापीठातल्या नव्या अध्यापकांना शिकवण्याचं प्रशिक्षण मिळालं पाहिजे, असं डिअरिंग समितीला १९९७ मध्ये सांगावं लागलं. ‘विषय येतो म्हणजे शिकवता येतं’ हा समज तिथंही सहजासहजी सुटला नाही.

भंडाऱ्याच्या वर्गात काय मांडायचं?

आता मूळ प्रश्नाकडं येतो. वर्गातलं अध्यापन सुधारायचं म्हणजे नेमकं काय करायचं? स्मार्ट बोर्ड लावायचा? पीपीटी दाखवायची? नोट्स तोंडी सांगण्याऐवजी भिंतीवर दाखवल्या, तरी त्या नोट्सच राहतात.

तीन उदाहरणं देतो, तिन्ही इथली. राज्यशास्त्राच्या वर्गात निवडणूक पद्धती शिकवतात. १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. मुलांना एवढं सांगा आणि विचारा, ‘दोन मतं असतील तर ती कशी पडतील? पक्ष काय सांगतील? राखीव जागेवरचा उमेदवार ठरवायला कुणाची मतं लागतील?’ त्या एका तासात निवडणूक पद्धती, राखीव जागा, युती, सगळं येतं. आणि मुलगा घरी जाऊन आजोबांना विचारतो.

दुसरं, इतिहास. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली, नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून केलेलं. बौद्ध स्तूप सापडला, ब्राह्मी लेख असलेले दगड सापडले. बौद्ध कला शिकवताना आपण सांची, भारहूत सांगतो आणि पवनीचा मुलगा समोर बसलेला असतो.

तिसरं, भूगोल किंवा अर्थशास्त्र. गोंडकाळापासून कोहळी समाजानं बांधलेले तलाव, पुढं ज्यांना मालगुजारी तलाव म्हणू लागले, ते इथं गावोगाव आहेत. पाणी कुणाचं, दुरुस्ती कुणाची, मालगुजारी गेल्यावर जबाबदारी कुणाकडं गेली? सामाईक मालमत्तेचा अख्खा धडा तिथं बांधावर उभा आहे.

आणि भाषा. आपल्या मुलांची घरची बोली झाडीबोली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिचा आयुष्यभर अभ्यास केला. या बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. ‘डोळा’चा ‘डोरा’. मुलगा वर्गात ‘पानी’ म्हणतो, चार जण हसतात, आणि तो पुढची तीन वर्षं तोंड उघडत नाही. आपण स्टाफरूममध्ये म्हणतो, ‘मुलं बोलतच नाहीत हो.’ ती का बोलत नाहीत, हे ओळखणं हेसुद्धा अध्यापनशास्त्रच आहे. चार आठवड्यांच्या कुठल्या वर्गात ते शिकवतील? दिल्लीत बसून आखलेल्या अभ्यासक्रमात झाडीबोली येणार नाही. ते इथंच, आपापसांत शिकावं लागेल.

न उचललेली सूचना

म्हणून मी तुम्हाला पुन्हा १९६६ कडं घेऊन जातो. चांगल्या शिक्षकाच्या तासाला जाऊन बसा. कोठारी आयोगाच्या तीन सूचनांपैकी हीच एक अशी, की तिला कुणाची मंजुरी लागत नव्हती. तीच राहून गेली. आपल्याकडं एक अलिखित शिष्टाचार आहे, दुसऱ्याच्या वर्गात पाऊल टाकायचं नाही. वीस-वीस वर्षं शेजारी शिकवणारी माणसं एकमेकांच्या पगाराचा आकडा जाणतात, पण एकमेकांचा तास त्यांनी पाहिलेला नसतो.

याला कारणं आहेत, ती मी नाकारत नाही. कुणी मागं बसलं की तपासणी वाटते. कुणी बोट दाखवील, ते प्राचार्यांच्या कानावर जाईल, गटबाजीत वापरलं जाईल. ही भीती खरी आहे. म्हणून दोन पथ्यं पाळावी लागतील. एक, सुरुवात ज्येष्ठांनी करायची. ‘माझ्या तासाला या’ असं आधी विभागप्रमुखानं म्हणायचं. कनिष्ठावर नजर ठेवायला ज्येष्ठ गेला तर पहिल्याच आठवड्यात हा प्रकार संपेल. दुसरं, जे पाहिलं ते कुठल्याही फाइलला, आयक्यूएसीच्या कुठल्याही फॉर्मला लावायचं नाही. गुणांसाठी केलं की काय होतं, ते तीस-पस्तीस वर्षं आपण पाहिलंच आहे.

पाहायचं काय? शिक्षकाकडं कमी पाहा, मुलांकडं जास्त पाहा. कोणत्या मिनिटाला मागच्या रांगेनं वही मिटली? प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती क्षण थांबला? उत्तरं त्याच तीन मुलांनी दिली का? मुलींपैकी कोण बोललं? आणि हे पाहायचं कसं, ते शिकवायला चार खोल्या पलीकडं ज्युनियरचे आपले सहकारी आहेत. त्यांनी बी.एड.ला पाठ निरीक्षण केलेलं आहे. त्यांच्याकडून शिकण्यात आपला मान कमी होत नाही.

शेवटचा मुद्दा, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा. आज आपल्या कॉलेजांत पुष्कळ तास तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीचे प्राध्यापक घेतात. आपली सगळी प्रशिक्षणव्यवस्था पदोन्नतीला जोडलेली आहे. ज्याला पदोन्नतीच नाही, पुढच्या जूनमध्ये नेमणूक मिळेल की नाही याचीच खात्री नाही, त्याला त्या व्यवस्थेत जागा कुठं? तो स्वतःच्या खिशातून महिनाभर नागपूरला राहील का, आणि तोवर त्याचे तास बुडाले तर मानधन कोण देईल? त्याचा प्रश्न नेमणुकीचा आहे, प्रशिक्षणानं तो सुटणार नाही, आणि सुटेल असं सांगून मी त्याची थट्टाही करणार नाही. त्यासाठी वेगळा लढा आहे आणि तो आपण सगळ्यांनी द्यायला हवा. पण त्याच्यासमोर बसलेल्या मुलीचं पहिलं वर्ष तोवर थांबत नाही. घरातून पहिल्यांदाच कुणीतरी कॉलेजात आलेलं, ते ती आहे. तिला शिकवणाऱ्याला, तो कायम असो की तासिकेवरचा, शेजारच्या वर्गात बसून पाहायला मिळायला हवं, आणि कुणीतरी त्याच्या वर्गात बसून ‘त्या उदाहरणाला मुलं जागी झाली बघ’ एवढं तरी सांगायला हवं.

२०२४-२५ पासून नव्या धोरणानुसार पदवीचे अभ्यासक्रम बदललेत. नवे विषय, नवे श्रेयांक, नवी पुस्तकं, सगळेच चाचपडताहेत. म्हणजे अनुभवी काय नि नवखा काय, या घडीला सगळे एका बाकावर आहेत. एकमेकांच्या वर्गात जायला याहून बरी वेळ नाही. पुढच्या आठवड्याच्या वेळापत्रकात प्रत्येकानं एक तास मोकळा ठेवा आणि शेजारच्या वर्गाचं दार वाजवा. प्रमाणपत्र मिळणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.